गाडीचा एसी चालूच होत नाही. ब्लोअर फिरतो, पण हवा गरमच येते. गॅस भरून घेऊ का?

लगेच गॅस भरू नका, आधी कॉम्प्रेसरचा (एसीचा गॅस दाबणारा पंप) फ्यूज आणि रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) बघा. परभणीत माझं गॅरेज आहे; मे महिन्यात अशा गाड्यांची रांग लागते आणि निम्मे लोक आधीच कुठंतरी गॅसचे पैसे देऊन आलेले असतात. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा, कुणालातरी एसीचं बटण दाबायला लावा. कॉम्प्रेसरच्या पुलीपाशी ‘टक्क’ आवाज येऊन पुढची चकती फिरली तर क्लच, म्हणजे कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा भाग, ठीक आहे. आवाजच नाही आला तर गाडी बंद करून फ्यूज बघा. मग हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर एसीच्या जागी लावून बघा. फुकटात निदान होतं.

एवढं करूनही टक्क नाही, तर गॅस खरंच कमी असू शकतो. दाब फार उतरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. पण गॅस काही पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झाला म्हणजे गळती आहे. ती शोधल्याशिवाय नुसता गॅस टाकणाऱ्याकडं जाऊ नका. कंडेन्सरचा (पुढं असलेली, गॅस थंड करणारी जाळी) पंखा बंद असेल किंवा ती जाळी धुळीनं गच्च झाली असेल तर दाब उलट वाढतो, तरीही स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतोच.

एक मात्र आहे, काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला हा क्लच नसतोच, तिथं आवाजावरून काही कळणार नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर लावावा लागतो.