उच्च शिक्षणात राष्ट्रीय भाषा टिकवणं आणि आंतरराष्ट्रीय होणं यांचा मेळ कसा घालावा?

प्रश्नात तुम्ही इटलीतल्या मिलानच्या तांत्रिक विद्यापीठाचं उदाहरण दिलंय आणि भारतानं त्यातून काय घ्यावं असं विचारलंय. मिलानकडे येतो, पण आधी 'राष्ट्रीय भाषा' हा शब्द बाजूला ठेवू. आपल्या देशाला राष्ट्रीय भाषा नाही. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि आम्ही बेळगावकडची माणसं त्यातल्या दोन एकाच दमात बोलतो, कंडक्टरशी एक आणि शेजारच्या सीटवरच्या मावशीशी दुसरी. त्यामुळे भाषा जपायची म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, कुणाची?

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलो. शाळा कर्नाटक सरकारचीच. दहावीपर्यंत सगळं मराठीत, मग बेळगावला येऊन अकरावी सायन्स, एकदम इंग्रजीत. पुढे बीएस्सी. १९९६ साली पहिल्या वर्षाची फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि मला फ्लायव्हील, म्हणजे आसावर फिरणारं जड चाक, आलं होतं. ज्यांनी केलंय त्यांना आठवेल, आसाला दोरा गुंडाळायचा, टोकाला वजन, चाकावर खडूची खूण, वजन सुटलं की स्टॉपवॉच दाबून फेरे मोजायचे. प्रयोग छान झाला होता. मग तोंडी.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, वजन खाली पडलं, त्याची एनर्जी गेली कुठे? उत्तर मला येत होतं, पण मराठीत. इंग्रजीत वाक्य जुळवता जुळवता घसा कोरडा पडला. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पोरगं अडकलंय म्हणून ते कन्नडवर आले आणि सोपं करून विचारलं, "शक्ती अंद्रे एनु?" म्हणजे शक्ती म्हणजे काय. मला हायसं वाटलं, कारण शक्ती आमच्या गुरुजींनी घोटून घेतली होती : कार्य करण्याचा दर. मी ठणकावून सांगितलं, "रेट ऑफ डुइंग वर्क, सर."

"तप्पु," ते म्हणाले. चूक. "अदु पॉवर."

दहापैकी दोन. तेव्हा वाटलं, आपल्याला काहीच येत नाही. काय घडलं ते कळायला मला चार वर्षं लागली. मराठीत एनर्जी म्हणजे ऊर्जा आणि पॉवर म्हणजे शक्ती. कन्नडमध्ये एनर्जीलाच शक्ती म्हणतात आणि पॉवरला सामर्थ्य. त्यांनी त्यांचा शब्द वापरला, मी माझा, दोन्ही संस्कृतातून आलेले, दिसायला एकच. तांत्रिक शब्दांसाठी केंद्राचा आयोग १९६१ पासून आहे, तरी ही शक्ती काही एका जागी बसलेली नाही.

थोरल्या भावाचं मत तेव्हापासून ठरलेलं : "इंग्लिश मीडियमला घातलं असतं तर असली पाळीच आली नसती की." दर दिवाळीला जेवणं झाली की हा विषय निघतोच. मला त्याचं म्हणणं पटत नाही. फिजिक्स मला येत होतं, विचारणाऱ्यालाही येत होतं, मधला पूल नव्हता.

आता मिलान. तिथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठानं २०१२ साली पदव्युत्तर आणि पीएचडीचं सगळं शिक्षण फक्त इंग्रजीत करायचं ठरवलं. प्राध्यापक कोर्टात गेले आणि इटलीच्या घटना न्यायालयानं २०१७ साली सांगितलं की इंग्रजी कोर्स जरूर चालवा, पण इटालियनला पार हद्दपार करता येणार नाही. त्यात एक कारण होतं शिक्षणाची समान संधी. हे माझ्या मनातलं. भाषा गौरवासाठी जपा असं मी म्हणत नाही, फ्लायव्हीलसमोर उभ्या पोराला तोंड उघडता यावं म्हणून जपा.

सक्तीनं हे होत नाही. २०२१ साली कर्नाटक सरकारनं पदवीला कन्नड सक्तीचं केलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या आधारावर अशी सक्ती करता येणार नाही असं न्यायालयानं अंतरिम आदेशात म्हटलं. आमच्याकडे आनंदीआनंद. पण त्याच मंडळींनी २०२० साली महाराष्ट्रानं शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. मी दोन्हीकडे गप्प बसलो नाही, म्हणून दोन्हीकडे शिव्या खाल्ल्या. एका सेमिस्टरचा एक पेपर, तोही गाइड वाचून पास व्हायचा, त्यानं कुठली भाषा वाचते?

मी आता पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवतो. फळ्यावर तीन रकाने करतो, इंग्रजी, कन्नड, मराठी. ॲक्सलरेशन, वेगोत्कर्ष, त्वरण. एनर्जी, शक्ती, ऊर्जा. शिकवणं इंग्रजीत, अडलं की ज्याचं त्याच्या भाषेत. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२३ साली विद्यापीठांना सांगितलंय की माध्यम इंग्रजी असलं तरी पेपर स्थानिक भाषेत लिहू द्या. चांगलंय. पण बेळगावात मराठीत लिहिलेला पेपर तपासणार कोण, हे ठरल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. धोरण करायचंच तर तिथून करा : शब्दसूची, दोन भाषांत प्रश्नपत्रिका, तपासायला माणूस.

भाऊ म्हणतो, तुझ्या रकान्यांनी कोण परदेशी गेलं? त्याचीच मुलगी पुण्यात जर्मनच्या क्लासला जाते, बी वन ही मधली पातळी करतेय, कारण तिला तिकडे बॅचलर्स करायचंय आणि ते बहुतेक ठिकाणी जर्मनमध्येच असतं. फी तोच भरतो. परक्याची भाषा शिकून परक्याच्या देशात फिजिक्स शिकणं हे आंतरराष्ट्रीय, आणि आपल्या भाषेत आपल्या गावात शिकणं हे मागासलेपण, हे त्यानं मला एकदा समजावून सांगावं.

एक मान्य करतो. जर्मनमागे कारखाने आहेत, प्रयोगशाळा आहेत, पगार आहेत. मराठीत एमएस्सी करून कोण नोकरी देईल, मला माहीत आहे. एआयसीटीईनं, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, मराठी आणि कन्नडमध्येही अभियांत्रिकीची पदवी द्यायला वाट करून दिली, पण माझ्या वर्गातल्या पोरांना मी तिकडे जा असं सांगत नाही. एमएस्सीपासून पुढे वाचन, लेखन इंग्रजीतच व्हावं असं माझं मत आहे, आणि बेळगावात राहायचं तर कन्नड वाचता-लिहिता आलंच पाहिजे, सक्ती असो वा नसो. मला ते उशिरा आलं, ही चूक माझी.

भाऊ हे वाचेलच. दादा, शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. उत्तर बरोबर होतं.