मुलांना दाखवायला मातीचंच धरण निवडा

प्रश्न : नाशिकजवळ पाच आणि नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन धरणाभोवती पायी फिरता येईल, काही शिकताही येईल अशी वाट कोणती? गंगापूर तर नुसतं मातीचं धरण आहे, तिथे बघण्यासारखं काय आहे?

उत्तर : ‘नुसतं मातीचं’ हे वाचलं आणि लिहायला बसलो. आमचे मेव्हणे कित्येक वर्षं हेच म्हणतात. दगडी ते पक्कं, मातीचं ते कच्चं. मुलांना दाखवायचं तर भंडारदरा दाखवा. भंडारदरा सुंदरच आहे, पण गंगापूरची जवळपास ३.९ किलोमीटर लांब आणि ३६ मीटर उंच भिंत १९६५ पासून गोदावरी अडवून उभी आहे. माती पाणी कसं अडवते, हे मुलांना समजलं तर सहल सार्थकी लागली.

त्यासाठी निघण्याआधी घरी एवढं करा. एक लिटरच्या तीन बाटल्यांचे तळ कापा, बुचांना चार-पाच भोकं पाडा, आतून सुती कापडाचा तुकडा लावा आणि बाटल्या उलट्या उभ्या करा. एकीत वाळू, दुसरीत मुरूम, तिसरीत काळी माती, प्रत्येकी दहा सेंटीमीटर. काळी माती कोरडी टाकू नका, बहुतेक जण इथेच चुकतात. ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात, पाणी बाटलीच्या कडेने सरळ खाली उतरतं आणि मूल म्हणतं, माती तर गळते! गोळा वळेल पण हाताला चिकटणार नाही इतकीच ओली करा, दोन-दोन सेंटीमीटरचे थर द्या, प्रत्येक थर अंगठ्याने कडेपर्यंत दाबा. मग तिन्ही बाटल्यांत पाव-पाव लिटर पाणी ओता आणि फिरायला निघा. वाळूतलं पाणी तुमच्या डोळ्यांदेखत खाली येईल, मुरमाला थोडा वेळ लागेल. काळ्या मातीवरचं पाणी परत आल्यावरही बरंचसं तसंच दिसेल. मातीच्या धरणाचा गाभा असाच असतो : चिकण माती, पातळ थर, बेताचं पाणी, वरून रोलर. दोन्ही बाजूंना मुरमाचं जाड आवरण असतं, ते गाभ्याला आधार देतं.

आता प्रत्यक्ष बघताना. पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेला दगडांचा थर असतो, कारण लाटा माती खातात. मागच्या उतारावर गवत असतं, झाडं वाढू देत नाहीत. का, ते मुलांनाच विचारा. झाड मेलं की मुळं कुजतात आणि भिंतीत पाण्याला आयती वाट मिळते. पायथ्याच्या चरात थोडं पाणी वाहताना दिसलं की मेव्हण्यांसारखी माणसं ‘धरण गळतंय’ म्हणतात. मातीच्या धरणातून थोडा पाझर येणारच, त्याला बाहेर पडायला वाट मुद्दाम ठेवलेली असते. तो मोजायला इंग्रजी व्हीसारखी खाच असलेला पत्रा लावतात. काटकोनी खाचेत पाणी ५ सेंटीमीटर चढलं तर सेकंदाला पाऊण लिटर, १० चढलं तर चार लिटरांहून जास्त. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पट! पाझर नितळ आणि नेहमीइतकाच असला की काळजी नाही. गढूळ झाला तर मात्र धावपळ करायची, कारण पाण्याबरोबर भिंतीची माती वाहून येत असते.

तुमच्या वाटेचं म्हणाल तर ‘धरणाभोवती’ हा हट्ट सोडा. जलाशयाला पूर्ण फेरी पाच वर्षांच्या मुलाला झेपणार नाही. शिवाय पाणी उतरलेल्या काठावरचा गाळ वरून वाळून भेगाळतो आणि खाली चिखलच राहतो, त्यात मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. निवांत पायी फिरायला निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर बरं. गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला, त्यामागे गाळ साठत गेला आणि पाणथळ तयार झाली. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून जाहीर झाली. डिसेंबर-जानेवारीत उजाडताच चापडगावच्या बाजूने जा, दुर्बीण न्या. वारकरी, थापट्या, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी एवढे ओळखले तरी पहिल्या दिवसाला पुष्कळ. लहान्यासाठी दोन किलोमीटर बस झाले.

एक राहिलं. गंगापूरच्या भिंतीवर जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नका. आधी विचारा, नाही मिळाली तर लांबूनच उतार दाखवा. पावसाळ्यात धरणातून विसर्ग चालू असताना मुलांना नदीपात्रात अजिबात उतरवू नका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, जवळपास दोन बादल्या. विसर्गाचा आकडा बातमीत आला की पात्रापासून दूर, वरच्या रस्त्यावरून नाशिकच्या गोदापात्रातला दुतोंड्या मारुती दाखवा, ज्याच्यावरून पूर किती चढला ते सांगतात, आणि पाणी त्याच्या कुठवर आलंय ते वहीत तारखेसह लिहायला सांगा.