वस्तीतली माणसं क्वारंटाइनला तयार होत नाहीत, त्यांना कसं समजवायचं?

तुम्ही विचारलंय की हातावर पोट असलेली माणसं विलगीकरणात जायला नकार देतात, त्यांना तयार कसं करायचं. २०२० साली कोरोनाच्या साथीत मी धारावीत स्वयंसेविका म्हणून दारोदार फिरले, त्यावरून सांगते.

आजार समजावत बसू नका. तो त्यांना कळलेला असतो, अडतं दुसरीकडेच. एका घरात नवरा पॉझिटिव्ह आला. बायको, मुलं सगळ्यांना विलगीकरण केंद्रात न्यायचं होतं. बाई शिलाईकाम करायची. मी विषाणूवर पाच मिनिटं बोलले, ती माझ्यामागच्या मशीनकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "ताई, शेठचा पंचवीस पॅन्टचा कटिंगचा माल पडलाय. खोलीला कुलूप लावून गेले आणि काही गेलं, तर भरून कोण देणार?" शेठला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "माल राहू दे, हिशोब नंतर." बाईने चावी पदराच्या गाठीत बांधली आणि निघाली. त्या दिवसापासून मी आधी विचारायचे, "मागे काय राहतंय?"

"घरातच वेगळे राहा" हा सल्ला तर सोडूनच द्या. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं आणि संडास सार्वजनिक! म्हणून तर पालिकेने शाळा आणि क्रीडा संकुलात सोय केली. तिथे दोन वेळचं जेवण फुकट होतं, आणि रोजगार बंद असताना हा मुद्दा छोटा नव्हता. रमजान त्याच दिवसांत आला, तेव्हा रोजेदारांसाठी वेगळी व्यवस्था झाली. त्याचा परिणाम माझ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला. गल्लीतला नेहमीचा डॉक्टर सोबत असला की दार लवकर उघडायचं, हेही खरं.

पोलिसांचा धाक? माणूस जातो, पण पुढच्या घरातला ताप लपतो. १८९७ च्या प्लेगात पुण्यात इंग्रज अधिकारी रँडने गोरे सैनिक घरात घुसवले, तेव्हाही लोक आजारी माणसं लपवतच होते.

आणि निघताना फोनचा चार्जर घ्यायची आठवण करून द्या. आत गेलेल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर ताट, पंखा आणि खाट दाखवली की गल्लीतली पुढची दोन घरं बॅग भरायला लागतात.