उत्तर: झोन एक्स, फॉल्सम धरण आणि लेव्हीमागचं घर

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या घरखरेदीच्या वेळचा सगळा ताप आठवला. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या पॉकेट भागात घर पसंत पडलंय, एजंट म्हणतो ‘झोन एक्स आहे, फ्लड इन्शुरन्स लागत नाही’ (झोन एक्स म्हणजे सरकारी पूर-नकाशावर कमी धोक्याचा भाग), आणि सरकारी यादीत फॉल्सम धरणापुढे ‘हाय हॅझर्ड’ बघून तुमची झोप उडालीय. मी सिव्हिल इंजिनिअर नाही, इन्शुरन्सही विकत नाही. या काउंटीत बरीच वर्षं राहतोय, एवढंच.

माझ्या मते तुम्ही नको त्याला घाबरलात आणि नको त्यावर विसंबलात. ‘हाय हॅझर्ड’ म्हणजे धरण फुटलं तर खाली माणसं मरतील. धरण धडधाकट आहे की नाही, त्याचा शेरा वेगळा असतो आणि तो दर वेळी जाहीर नसतो. उलट झोन एक्सवर मात्र जाऊ नका. फेमाचा (अमेरिकी केंद्र सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन खात्याचा) नकाशा वर्षाला 1% शक्यतेचा पूर धरतो आणि मान्यताप्राप्त लेव्ही, म्हणजे नदीकाठचा पूर अडवणारा बांध, त्यात टिकेल असं गृहीत धरतो. धरणफुटीचा त्यात विचारच नाही. आणि त्याहून मोठा पूर 30 वर्षांच्या कर्जात एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास 26% भरते.

मला सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो एका कार्यालयाने, नाव घेत नाही. माझा प्रश्न साधा होता: लेव्ही किंवा धरण फुटलं तर आमच्या गल्लीत पाणी किती वेळात येईल आणि किती चढेल? खिडकीतल्या बाईंनी पत्ता टाकला, प्रिंट काढली, पूररेषेबाहेर असल्याच्या ओळीवर पिवळा हायलायटर फिरवला आणि कागद सरकवला. पुन्हा विचारलं तर म्हणे असले नकाशे सुरक्षेमुळे देता येत नाहीत. मग दुसरं खातं, तिथून तिसरं, तिथून परत याच खिडकीवर. तलाठ्याकडे सातबाऱ्यासाठी घातलेले हेलपाटे बरे वाटले! आणि गंमत म्हणजे लेव्ही अमुक ठिकाणी फुटली तर पाणी कुठवर, किती खोल आणि बाहेर पडायचे रस्ते कोणते, हे नकाशे शहर आणि काउंटी स्वतःच प्रसिद्ध करतात. 2017ला ओरोव्हिल धरणाचा प्रकार झाला (त्याबद्दल खाली), त्यानंतर राज्याच्या अखत्यारीतल्या बहुतेक धरणांचे बुडीत-नकाशेही ऑनलाइन आले. फॉल्सम केंद्राचं असल्याने तिथे शोधू नका.

लेव्ही वरून पाणी गेलं तरच फुटते असं समजू नका. 1986च्या फेब्रुवारीत युबा काउंटीत लिंडा या गावाजवळ पुराचा जोर ओसरल्यावर लेव्ही गेली. खाणींच्या गाळ-वाळूची होती, आतून पाझरली. पुढे कोर्टाने राज्याला जबाबदार धरलं आणि भरपाई 46 कोटी डॉलरच्या वर गेली. धरणाचंही तेच. 1995च्या जुलैत, ऐन उन्हाळ्यात, फॉल्समचा एक दरवाजा तुटला, तेव्हा पूर वगैरे काही नव्हता. म्हणून घर बघायला जाल तेव्हा लेव्हीवर चढून जरा चाला. खारींची बिळं, घराच्या बाजूच्या पायथ्याशी ओल दिसली तर शेजाऱ्यांना विचारा, ते एजंटपेक्षा खरं सांगतात.

फक्त आपल्या काउंटीतली धरणं मोजू नका. पॉकेटच्या वरच्या अंगाला फॉल्सम तर आहेच, शिवाय शास्ता आणि ओरोव्हिल या धरणांचं पाणीही इथूनच जातं. ओरोव्हिल बुट काउंटीत आहे. 2017ला तिथला सांडवा खचला तेव्हा खालच्या सुमारे 1,88,000 लोकांना घरं सोडावी लागली. एकामागे एक धरणं असली की काय होतं ते पुणेकरांना पानशेत-खडकवासल्यावरून सांगायला नको. मिशिगनमध्ये 2020ला एडनव्हिल धरण फुटलं आणि खालचं सॅनफर्डही गेलं.

विक्रेत्याकडून नैसर्गिक धोक्यांचं जे डिस्क्लोजर (लेखी माहितीपत्रक) येतं त्यात पूरक्षेत्र आणि धरणफुटीचं क्षेत्र यांची खूण वेगवेगळी असते. गठ्ठ्यात तळाशी घालून ‘इथे सही करा’ म्हणतात, तेव्हा दुसरी खूण बघूनच सही करा. सरकारी फ्लड इन्शुरन्स एरवी 30 दिवसांनी लागू होतो, पण कर्जाच्या क्लोजिंगसोबत (व्यवहार पूर्ण होताना) घेतला तर ती अट नाही. इमारतीला कमाल अडीच लाख डॉलर मिळतात, त्यामुळे वरच्या रकमेचा खाजगी दरही मागवून ठेवा (नियम बदलतात, एजन्सीकडून खात्री करा).

नकाशात तुमच्या गल्लीत खोली किती दिसते ते इथे टाका, मग दुमजली की बैठं यावर बोलू.