वॉर्सात एकच दिवस असेल तर

पहिल्यांदाच जाताय ना, मग सकाळी आठच्या आत जुन्या शहरात पोहोचा. गर्दी व्हायच्या आधी राजवाड्याचा चौक निवांत बघता येतो. पोलंडच्या झिगमुंट राजाचा स्तंभ १६४४चा, पण खांब नवा आहे. जुन्या खांबाचे तुकडे राजवाड्याच्या कडेलाच आडवे ठेवलेत. आधी त्यांच्यापाशी थांबा, मग पुढची प्रत्येक भिंत वेगळी दिसते.

दुसऱ्या महायुद्धात, इथल्या लोकांनी जर्मन ताब्याविरुद्ध केलेल्या १९४४च्या उठावानंतर, जर्मनांनी हे शहर ठरवून पाडलं. लोकांनी ते पुन्हा उभारलं, त्यात अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराने काढलेल्या शहराच्या चित्रांचाही आधार घेतला. ती चित्रं राजवाड्यातच आहेत. मी पहिल्या खेपेला ती शेवटी पाहिली, तेव्हा पाय पार थकले होते. तुम्ही आधी पाहा आणि मग गल्ल्यांत शिरा. 'हे तर नवंच आहे' म्हणून नाक मुरडू नका; १९८०मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला तो या पुनर्बांधणीलाच.

बाजारचौकात जेवण महाग पडतं, दोन गल्ल्या सोडून बसा. बूट मात्र जाड तळव्याचेच घाला, सगळीकडे दगडी फरसबंदी आहे.

संध्याकाळी माँटे कॅसिनो स्मारकाजवळचं (इटलीतल्या महायुद्धाच्या लढाईत लढलेल्या पोलिश सैनिकांचं हे स्मारक) कोल्हापूरचं स्मारक चुकवू नका. युद्धकाळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पोलिश निर्वासित राहिले, त्याची ती आठवण. मला तिथून पाय निघेना.