मुलांसह शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडताना रात्री झोप कशी जमते? बोट थांबवतात का?

नाही, थांबवत नाहीत. भर महासागरात तळ काही किलोमीटर खाली, नांगर टाकणार कुठे? त्यामुळे रात्रंदिवस कुणीतरी जागं लागतंच. आईबाप दोघेच असतील तर बहुधा तीन-तीन तासांच्या पाळ्या लावतात. सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलट सांभाळतो. पाळीवाल्याने क्षितिजावर नजर फिरवायची, एआयएसवर (आसपासच्या जहाजांची जागा आणि दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेवर) जहाजं बघायची आणि वारा वाढला की शीड कमी करायचं. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत जवळ येऊन ठेपतं, त्यामुळे डुलकी महागात पडू शकते.

आफ्रिकेच्या वायव्येकडच्या कॅनरी बेटांपासून अटलांटिकपलीकडच्या कॅरिबियनपर्यंत सुमारे 2,700 सागरी मैल, म्हणजे साधारण तीन आठवडे. पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि अर्धवट झोप. तेव्हा मुलांचा अभ्यास वगैरे विसराच. मग शरीर हळूहळू रुळतं.

मुलं मात्र छान झोपतात. बोट कलली तरी खाली पडू नयेत म्हणून त्यांच्या बिछान्याच्या कडेला जाड कापड ताणून बांधतात. खरी पंचाईत सकाळी: पहाटेची पाळी संपवून तुम्ही आडवे होता आणि मुलं ताजीतवानी होऊन नाश्ता मागत उभी!

एक नियम कडक पाळतात. रात्री डेकवर जाताना हार्नेस (अंगावरचा सुरक्षा-पट्टा) बोटीला बांधलेल्या दोरीला अडकवायचाच, आणि दुसऱ्या मोठ्या माणसाला उठवल्याशिवाय कॉकपिट (सुकाणूजवळची बसायची खोलगट जागा) सोडायचं नाही. मुलं लहान असतील तर लांबच्या टप्प्यासाठी तिसरा अनुभवी माणूस सोबत घ्या, असंच मी सांगेन.