नऊ वर्षांच्या मुलासाठी बेस गिटारचा क्लास कसा निवडावा?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याने बेस गिटारचा हट्टच धरलाय. घराजवळ ग्रेडच्या परीक्षांची तयारी करून घेणारा क्लास आहे. ऑनलाइन व्हिडिओ कोर्स त्याहून स्वस्त पडतो. हे म्हणतात, आधी साधी गिटार येऊ दे. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा तबला शिकव. काय करावं?

उत्तर: ताई, साध्या गिटारची अट घालू नका. बेसच्या चार तारा गिटारच्या जाड चार तारांच्याच सुरांत, एक सप्तक खाली लावतात, पण तिचं काम निराळं आहे. ड्रमच्या जोडीने लय धरायची आणि गाण्याला खर्जाचा आधार द्यायचा. हे काम थेट बेसवरच शिकता येतं.

क्लासची फी भरण्याआधी वाद्य हातात घेऊन बघा. नेहमीच्या बेसवर तारेची लांबी 34 इंच असते. तिच्यावर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर पाच इंचांच्या आसपास भरतं. नऊ वर्षांच्या पंजाला ते झेपत नाही. मनगट वाकतं, दुखायला लागतं आणि मूल सराव टाळायला लागतं. घरच्यांना वाटतं, आवड संपली. म्हणून 30 इंचांची शॉर्ट स्केल बेस घ्या. आयबानेझची 'मिक्रो' तर 28.6 इंचांचीच आहे. तुमच्या भागातली म्युझिक सर्व्हिस, म्हणजे मुलांच्या संगीतशिक्षणाची स्थानिक सेवा, वाद्य भाड्याने देते का, तेही विचारा. मूल वाढत्या वयाचं आहे, लगेच विकत घ्यायची घाई नको.

आता क्लास. ट्रायल लेसनला तुम्ही स्वतः बसा आणि सर त्याच्या हाताकडे किती बघतात ते पाहा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालतंय का, डावा अंगठा बेसच्या दांडीच्या मागे आहे का, हे त्यांनी टोकायला हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तार थांबवणं. बेसची मोकळी, म्हणजे बोटाने न दाबलेली, तार बराच वेळ घुमत राहते. 'ए'ची तार छेडल्यावर बोट शेजारच्या सर्वांत जाड 'ई'वर येऊन टेकलं की 'ई' गप्प राहते. पहिल्या काही आठवड्यांत हे शिकवत नसतील, तर पुस्तक कितीही देखणं असो, तो क्लास मला अपुरा वाटतो. व्हिडिओ कोर्सची अडचण इथेच आहे. व्हिडिओला मुलाचं मनगट दिसत नाही. मोठ्या माणसाचं त्यावर भागेल, नऊ वर्षांच्या मुलाचं नाही. जोडीला सरावासाठी जरूर ठेवा.

रॉकस्कूल आणि ट्रिनिटी या संगीताच्या ग्रेड परीक्षा घेणाऱ्या संस्था; दोन्हींकडे बेसच्या परीक्षा आहेत. ग्रेड 1 च्या आधी रॉकस्कूलची 'डेब्यू' आणि ट्रिनिटीची 'इनिशियल' अशी पायरी असते. सहावी ते आठवी ग्रेड पास झाल्यास युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी यूकॅस या प्रवेशसंस्थेचे गुणही मिळतात. पण एक कळकळीने सांगते, त्या गुणांचा विचार आत्ता मनातही आणू नका. परीक्षेची तीन गाणी वर्षभर घोटून घेणाऱ्या क्लासमध्ये मुलं पास होतात, आणि चौथं गाणं समोर आलं की अडतात. सरांना दोनच गोष्टी विचारा: परीक्षेबाहेरची गाणी किती शिकवता, आणि मुलांना एकत्र कधी वाजवायला बसवता? बेस हे साथीचं वाद्य आहे. पहिल्या टर्ममध्येच ड्रम किंवा गिटार वाजवणाऱ्या मुलाबरोबर दोन सुरांचं का होईना, एखादं गाणं बसवणारा क्लास मी डोळे झाकून निवडेन. टॅबबरोबर (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांत दाखवणारं लेखन) बेस क्लेफही (खालच्या सुरांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला शिकवतात ना, याची खात्री करा; पुढे शाळेच्या जॅझ बँडमध्ये लागेल.

घरी रोज पंधरा मिनिटं पुरेत. हेडफोन लावता येईल आणि फोनवरचं गाणं जोडता येईल असा छोटा अँप (अँप्लिफायर) घ्या.

आणि सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. घरात कुणाला तबल्यावर ठेका धरता येत असेल, तर त्याला शेजारी बसवून संथ केरवा वाजवायला सांगा आणि मुलाला प्रत्येक समेवर फक्त मोकळी 'ई' छेडू द्या. सम चुकली तरी थांबायचं नाही, पुढची पकडायची. ड्रमवाल्याबरोबर वाजवताना मुलाला हेच करावं लागणार आहे.